घराला रंग चालू आहे

लातूरला आमच्या वकील मॅडमच्या ऑफिसात एकच खोली होती. भिंतीला लागून बाकडं, समोर टेबल, आणि बाकड्यावर बसलेल्यांनी एकमेकांच्या भानगडी कान देऊन ऐकायच्या अशी तिथली रीतच पडली होती. नुसतं ऐकून भागायचं नाही. एखादा बांधाचं भांडण सांगायला लागला की सोडचिठ्ठीसाठी आलेला शेजारी त्याला सल्ला द्यायचा, "आधी मोजणी आणा, मोजणी!" आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "बोला आजी, काय झालं?" आणि बाकड्यावरची सगळी तोंडं आमच्याकडं वळली. माझ्या मायनं पदर डोक्यावरून पुढं ओढला नि म्हणाली, "काय न्हाई बाई. गुडघे दुखतेत."

कपाळ माझं! दोन महिने समजावून, हाता-पाया पडून तिला तिथवर आणलं होतं. मी तोंडाची फटकळ, मला कुठला दम निघतोय. मीच सुरू केलं, "मॅडम, माझ्या भावानं हिला घरातून..." तेवढ्यात मायनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचा शब्द घशातच राहिला. बाकड्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. लाजेनं माझे कान तापले.

मॅडम हुशार बाई. त्यांनी एकदा मायकडं पाहिलं, एकदा बाकड्याकडं, आणि उठल्या. म्हणाल्या, "चला आजी, आपण चहा करू." मागं पडदा लावून एक कोपरा केला होता. गॅसची शेगडी, दोन पातेली, हात धुवायला बेसिन. तिघी बायका उभ्या राहिलो तर वळायला जागा नाही. मॅडमनी दूध ठेवलं. आणि त्या दुधावर नजर ठेवून, वर न बघता, माय बोलायला लागली.

ती किनवटकडं भाच्याच्या लग्नाला गेली होती. परत आली, चाकूरच्या अलीकडं फाट्यावर उतरली, बोचकं घेऊन चालत घरी पोचली, तर माझा भाऊ ओसरीवर उभा. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. म्हणाला, "घराला रंग चालू हाय. वासानं तुला ढास लागंल. ताईकडं जा चार दिस." मायच्या खोलीला नवं कुलूप होतं. ती ओसरीला टेकलीसुद्धा नाही. त्याच पावली फाट्यावर परत आली आणि मिळेल त्या एसटीनं लातूरला माझ्याकडं. एवढं मला माहीत होतं. त्याआधी तिकडं काय चालायचं ते माहीत नव्हतं.

"भाकर मागावी लागायची," ती दुधाला सांगत होती. "सून समद्यांचं झाल्यावर वाढायची. एक डाव म्या दुसरी मागितली, तर लेक म्हणला, किती खातीस."

दूध उतू गेलं. मॅडमनी गॅस बंद केला नि मायच्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र तिच्याकडं बघवेना. माझ्या मेसमध्ये क्लासला आलेल्या पंचवीस-तीस पोरी रोज जेवतात. दुसरी पोळी, तिसरी पोळी मी आग्रह करकरून वाढते. आणि माझी जन्मदाती तिकडं भाकर मागून खात होती.

"तुम्हाला काय हवंय आजी?" मॅडमनी विचारलं.

"माज्या खोलीचं कुलूप काढून द्या. दुसरं काय बी नगं."

ती खोली म्हणजे काय वाडा नव्हे. पत्र्याची खोली, एक खिडकी, दारात तुळस. पण तिथली जमीन तिनं दर सणाला स्वतःच्या हातानं सारवलेली, आणि माझे वडील गेले ते त्याच खोलीत, तिच्या मांडीवर. लेकीच्या घरी राहणं तिला रुचत नव्हतं. माझे मालक भले, त्यांनी कधी शब्द काढला नाही, पण ही बाई जावई घरात आला की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकायची. जेवताना ताट असं पुढं धरायची की जणू कुणी येऊन ओढून नेणार आहे. मला राग यायचा. मी म्हणायची, "माय, हे तुझंच घर आहे." ती म्हणायची, "हाव." आणि तशीच बसायची.

तर मॅडमनी अर्ज केला. राहत्या घरात राहायचा आईचा हक्क आहे, मुलानं कुलूप काढून द्यावं, असा. पडद्यामागं माय जे बोलली ते सगळं त्यांनी शपथपत्रात घेतलं, चांगल्या ठसठशीत भाषेत. ते तिला वाचून दाखवलं तेव्हाही पडद्यामागंच, कारण तिनं बाहेर ऐकायला साफ नकार दिला. मॅडमनी मला बजावलं, "ताई, एक लक्षात ठेवा. वकिलापासून काही लपवायचं नाही. समोरच्याच्या वकिलाला कळलेली गोष्ट मला कोर्टात कळली तर मी काही करू शकत नाही." मी म्हटलं, "छे छे मॅडम, आमच्याकडं काही लपवाछपवी नाही." बोलून गेले खरी.

मग तारखा. लातूरहून चाकूरला एसटीनं जायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुकारा झाला की आत जायचं नि पुढची तारीख घेऊन बाहेर यायचं. पहिल्या तारखेला माय इरकल नेसून निघाली. ठेवणीतलं, काठाचं. मॅडमनी पाहिलं नि मला बाजूला घेतलं. "ताई, आजींना साधं काहीतरी नेसवा हो. लग्नाला आल्यासारख्या दिसतायत." त्यांचंही बरोबर होतं. पुढच्या तारखेला मी माझं मेसमधलं विटकं पातळ काढलं, खाली शिवण उसवलेलं.

"माणसांत जायाचं आन फाटकं नेसू?" माय म्हणाली. "तुजा बाप गेला तवा बी म्या फाटकं न्हाई नेसले."

"केस जिंकायची आहे ना? मग नेस."

नेसली. एसटीत आमच्या गावची एक बाई भेटली, पाटलाच्या वाड्याशेजारची. तिनं मायला खालून वरपर्यंत न्याहाळलं. माय सगळा रस्ता पिशवी मांडीवर धरून उसवलेली शिवण झाकत होती. ती बाई उतरल्यावर मला म्हणाली, "आता ही गावात सांगंल, लेकीनं काय दशा केली म्हून." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

उलटतपासाची तारीख लागली तेव्हा मॅडमनी तयारी करून घ्यायला सांगितली. समोरचे वकील काय विचारतील, उत्तर कसं द्यायचं. विचारलं तेवढंच बोलायचं, वाद घालायचा नाही, खोटं काही घुसडायला लागले तर सरळ "हे खोटं आहे" म्हणायचं. मी घरी मेसच्या पोरी जेवून गेल्या की तालीम घ्यायची. हातात लाटणं धरून मी भावाचा वकील व्हायची.

"आजीबाई, तुम्ही स्वतःच्या मर्जीनं मुलीकडं राहायला गेलात, बरोबर?"

"हे खोटं आहे," माय कणीक मळता मळता म्हणायची.

"मुलगा तुम्हाला पोटभर खायला घालत होता?"

"हे खोटं आहे."

"तुमच्या मुलीनं तुम्हाला शिकवून आणलंय?"

"हे खरं हाय," ती म्हणायची नि दोघी खो खो हसायचो. दोन-तीन पोरी मागं राहायच्या गंमत बघायला. एक तर न्यायाधीश होऊन पाटावर बसायची. माझी माय एकदम तयार झाली होती. मला खात्री वाटायला लागली की कुलूप निघालंच.

त्या तारखेला ती पहाटे उठून धपाटे करत होती. "वाटंत खायाला," म्हणाली. एवढे कशाला म्हणून मी विचारलंसुद्धा. "वकीलबाईला बी हुतील," म्हणाली. मला केवढं कौतुक वाटलं. शेंगदाण्याची चटणी, दही, स्टीलचा डबा फडक्यात बांधलेला.

चाकूरला पोचलो तर भाऊ आमच्या आधी आलेला. गेटाजवळच्या कट्ट्यावर एकटाच बसला होता. वाळला होता जरा. मी मान फिरवली. मॅडम फायली बघत होत्या, मी त्यांच्याशी बोलत उभी राहिले, आणि माय "जरा मोरीकडं जाऊन येते" म्हणून गेली. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला गेले.

भाऊ उकिडवा बसून धपाटे खात होता. माय बाजूला उभी राहून बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतत होती.

डोकं भणाणून गेलं माझं. वाटलं जाऊन तो डबा हिसकावून घ्यावा. अगं बाई, ज्यानं तुला दुसरी भाकर मोजून दाखवली त्याच्यासाठी तू पहाटे उठलीस? पण ओरडायची सोय नव्हती, कोर्टाचं आवार. मी मुकाट्यानं परत आले. मॅडमनी विचारलं, "कुठायत आजी?" मी म्हटलं, "येतीय, मोरीला गेलीय." तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. कळत होतं मला. पण सांगायचं काय? की आमच्या पक्षकार बाई विरुद्ध पार्टीला जेवू घालतायत? जीभच उचलली नाही. एवढी शिकलेली बाई आमच्यासाठी धडपडतीय आणि आमचं हे असं, याचीच लाज वाटली.

पुकारा झाला. खोली भरलेली. तारखेला आलेली माणसं बाकांवर दाटीनं बसलेली, त्यांत आमच्या गावचीही दोघं, त्यांच्या दुसऱ्या कामासाठी आलेली. माय पिंजऱ्यात उभी राहिली, विटकं पातळ, पदर डोक्यावर. भावाचे वकील म्हातारे, मऊ बोलणारे. आजीबाई नाहीत म्हणाले. 'आई' म्हणाले. तालमीत मी असं कधी बोललेच नव्हते.

"आई, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"हाव. धपाटे."

"कुणी केले?"

"म्या."

"मुलालाही दिलेत ना आज? बाहेर, कट्ट्यावर?"

मॅडमनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्या नजरेत नुसतं 'असं होय' होतं. आणि मी भावाकडं पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडं बघत होता. म्हणजे तोंडातला घास गिळायच्या आत त्यानं वकिलाला जाऊन सांगितलं होतं.

"दिले," माय म्हणाली.

"मग आई, शपथपत्रात लिहिलंय की मुलगा तुम्हाला पोटभर खायला देत नव्हता. हे खरं की खोटं?"

हे तर तिला पाठ होतं. शंभरदा घोटलेलं. मायनं पिंजऱ्यातून हळूच खोलीभर नजर फिरवली. बाकांवरची माणसं, गावची ती दोघं, दारातला शिपाई, आणि शेवटी भाऊ.

"लेकरू हाय," ती म्हणाली. "देत हुता की."

"आणि घराबाहेर काढलं?"

"न्हाई. कोन काडतंय? घराला रंग चालू हुता."

मॅडम ताडकन उठल्या. परवानगी मागून त्यांनी फेरतपास घेतला. आवाज अगदी पडद्यामागचा केला होता त्यांनी. "आजी, घाबरू नका. तुमच्या खोलीला कुलूप कुणी लावलं?"

"म्याच लावलं आसंल बाई. म्हातारपन. ध्यानात न्हाई ऱ्हात."

न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवला, चष्म्यावरून पाहिलं आणि स्वतःच विचारलं, "आजी, तुम्हाला तुमच्या घरी जायचंय का?"

"हाव साहेब," माय म्हणाली. तेवढं मात्र एकदम, न थांबता. "रंग झाला की."

बाहेर आलो तर भाऊ गाडीला किक मारून निघूनही गेला होता. डबा कट्ट्यावर उघडाच, मुंग्या लागलेला. मायनं तो उचलला, झटकला, फडक्यात बांधला. मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढं कशी गेले माझं मला माहीत. मान वर होत नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, मायपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, त्या चहाच्या कोपऱ्यात तुम्ही मला काय सांगितलं होतं? ते खोटं होतं?"

माय दुखावली. खरंच दुखावली. "तुमाला खोटं कसं सांगंन बाई? तुमी तर आमच्या वकीलबाई. तुमाला समदं खरं सांगितलं."

"मग आत का नाही सांगितलं?"

"तितं लोक हुते," माय म्हणाली.

मॅडमनी गाऊनच्या बाहीनं डोळे टिपले आणि दुसऱ्या पक्षकाराचा पुकारा झाला म्हणून आत गेल्या.

एसटीत मी सगळा राग काढला. "नाक कापलंस माझं! त्या बाईनं किती केलं आपल्यासाठी. तुला खोली पाहिजे होती ना? पाणी फिरवलंस सगळ्यावर. कुणासाठी? त्या... त्या..." लोक बघायला लागले तशी मीच गप्प झाले. माय मांडीवरचा डबा चाचपत होती. मग म्हणाली, "दोनच खाल्ले गं त्यानं. चटनी तिखट झाली वाटतं."

अर्ज फेटाळला गेला. कसा नाही फेटाळणार? मॅडमनी फोन करून सांगितलं, वरच्या कोर्टात जाता येईल, बघा. मी मायला विचारलं. ती कोथिंबीर निवडत होती. "नगं," म्हणाली, आणि निवडत राहिली. मॅडमचे आभार मानायला मी गेले नाही. अजून त्यांच्या ऑफिसवरून जायची वेळ आली तर मी पलीकडच्या बाजूनं जाते. त्या समोर भेटल्या तर काय बोलू? तुम्ही खरं मागत होतात आणि आम्ही ते तुमच्या चहाच्या कोपऱ्यात ठेवून आलो?

माय आता माझ्याकडंच असते. मेसच्या पोरींना तिच्या हातची चटणी आवडते. नव्या पोरी विचारतात, "आजी, तुम्ही गावाकडं कधी जाणार?" ती सांगते, "जायाचं की. घराला रंग चालू हाय." जुन्या पोरी एकमेकींकडं बघतात. मी मात्र दरवेळी आतून चिडायची. मनात म्हणायची, एकदा कुणीतरी मला विचारू दे, सगळं बाहेर काढते, नाव-गाव-पत्त्यासकट. मला नाही कुणाची भीडभाड.

परवा विचारलं. आमच्या गावाकडच्या एक मामी लातूरला दवाखान्यात आल्या होत्या, त्या सरळ जेवणाच्या वेळेला मेसमध्ये. पोरी ताटं घेऊन बसलेल्या, मी वाढत होते, माय आत पोळ्या लाटत होती. मामी दारातूनच मोठ्यानं म्हणाल्या, "का गं, तुजी माय अजून हितंच? एवढा लेक असून? भाऊ नीट बघत न्हाई काय तिला?"

पोरींचे हात थांबले. आतलं लाटणंही थांबलं. माझ्या जिभेवर सगळं होतं. कुलूप, भाकर, कट्ट्यावरचा डबा. मी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"तसं नाही हो मामी," मी म्हटलं. "घराला रंग चालू आहे."

आत पोळपाटावर लाटणं पुन्हा फिरायला लागलं. मी मामींना ताट वाढलं.